गंगारामाकडे गेलेलं चाक

— नाही हो, मोडलेली नाही सायकल, चाकं काढून ठेवलीत एवढंच. रसिकाला, माझ्या मुलीला, मी सांगितलं होतं, फोनवर विकायचा फोटो टाकशील तेव्हा चाकं नाहीत ते पण लिही म्हणून. बसा ना, कोकम सरबत घ्या. होमस्टेच्या दारात उभी करणार म्हणता? वर फुलांच्या कुंड्या? बरं दिसेल. जरा हळू बोला हां. आमचे हे मागच्या खळ्यात आहेत, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही त्यांना, काचबिंदू झालाय, पण कान भारी तिखट. सगळा जन्म भजनाच्या पेट्या दुरुस्त करण्यात गेला, गावोगाव, याच सायकलवर.

काढली कुणी? पुढचं मी काढलं. त्यात काय एवढं — दर मिरगाला हे घरीच दोन्ही चाकं काढायचे, खार-चिखल धुवायचे, तेल घालायचे आणि लावणी संपेपर्यंत सायकल वाशाला टांगून ठेवायचे. नट-वॉशर सांभाळायचं काम माझं. नारळाच्या करवंटीत, जसे निघतील तसे ओळीनं. "जानकी, चुकव नको गो, नायतर चाक वाटेत सुटतलां" — चाळीस वर्षं ऐकलंय ते. म्हणून मला यायचं. शिकवलं त्यांनीच, आणि वापरलं मी त्यांच्यावरच.

दोनदा पडले हो. एकदा तर वहाळात, सायकल अंगावर. तरी ऐकतील तर शपथ — "सायकलीक वाट पाठ आसा," म्हणायचे. तोंडावर सांगायला हवं होतं ना मी, की तुम्हाला आता दिसत नाही, पुरे झालं? नाही जमलं. दुपारी ते झोपले होते, मी पाना घेतला, पुढचं चाक काढलं, माळ्यावर पेंढ्याच्या मागे सारलं आणि सांगितलं, स्पोक सैल झालेत, कट्टा गावात गंगारामाच्या सायकल दुकानात पाठवलंय. मग रोज सकाळी — "इला काय गो चाक?" मी म्हणायची, उद्या. एकदा गंगाराम तापानं पडला, एकदा त्याला स्पोक मिळेनात, एकदा तर मी त्याची सासू मारली — त्या बाईला मी बघितलेलंसुद्धा नाही.

आणि एवढं खोटं बोलले, पण गंगारामाला सांगून ठेवायचं काही सुचलं नाही. गेल्या महिन्यात मी भगवतीची ओटी भरायला गेले, परत येते तर हे घरात नाहीत. फोन वाजला. गंगाराम. "वैनी, दत्ताराम भाऊ इलेत, चाक मागतत. मी सांगलंय, माझ्याकडे तुमचां चाक येवकच नाय." चालत गेले होते कट्ट्याला, काठी टेकत, डांबरी रस्त्यानं, ज्या रस्त्यावर डंपर धावतात. ज्या भीतीनं मी चाक लपवलं, तीच भीती मी त्यांच्या पायांत घालून पाठवली. रिक्षेनं परत आले, गुडघा सोललेला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं, माझी सुटका झाली असती. चहा मागितला फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओसरीत सायकलीपाशी बसलेले. मागचं चाक त्यांनी स्वतः काढलेलं, चाचपून चाचपून. चेन बाजूला गुंडाळून ठेवलेली, नट-वॉशर करवंटीत, ओळीनं. चाक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "ह्यां पण गंगारामाकडे धाड. घाय नाय." बस. त्यानंतर चाकाचं नाव नाही. रागाचा शब्द नाही. त्या माणसानं माझं खोटं माझ्यासाठी सांभाळून ठेवलंय, आणि मला त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवायची लाज वाटते.

म्हणून म्हटलं, विकून टाकू, नजरेआड होईल. — त्यांना विचारलंय का? तुम्ही सरळच विचारता हो. नाही विचारलं. खरं सांगू? त्यांनी हटकलं तर मी म्हणणार होते, गंगारामाकडचा माणूस आलाय, सायकल दुकानात न्यायला. तुम्हालाही मान डोलवायला लावली असती मी.

थांबा. काठी वाजतेय.

नको. पैसे खिशात ठेवा. तुम्ही उंच आहात, त्या माळ्यावरून तेवढं चाक काढून द्या — पेंढ्याच्या मागे, हां, तेच. ठेवा इथं त्या दुसऱ्या चाकाशेजारी. नट राहू देत करवंटीत, ते बसवतील. सीटवर नाही बसायचं हे मी सांगेन त्यांना, तोंडावर सांगेन. सायकल हातात धरून बाजारापर्यंत चालतील, मी बाजूनं चालेन. ग्लास राहू दे, मी उचलते. या तुम्ही आता. पुढच्या दारानं जा.

— अवो, जरा हय येवा. चाक घरातच होतां.