मागच्या बाजूचे दोन नट

वय ५६ वर्षे, धंदा गाड्यांच्या सीट शिवणे, शिक्षण सातवी, राहणार दुकानामागची खोली, बाजारात 'सीटवाले दादा' या नावाने ओळख. मी आज सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, कुणी बोलावलेले नसताना, पोलीस ठाण्यात येऊन सांगतो ते असे :

मी बत्तीस वर्षे हे काम करतो. मला एक धाकटा भाऊ असून तो व त्याची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहतात. माझी पत्नी वारल्यापासून माझा दोन वेळचा डबा भावजयीकडून येत असे.

गेल्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास भाऊ मोटारसायकल घेऊन दुकानात आला. सीटचे चामडे मागे शिवणीवर वीतभर फाटले होते व आतला फोम पाणी पिऊन दगड झाला होता. भावजयीला पाठीचे दुखणे असल्याने मागची बैठक मऊ कर, असे तो म्हणाला. मी सीट काढली. जुने चामडे उसवून त्याच्या मापाने नवीन कापले. कुजलेला फोम काढून नवीन चिकटवला, मागे एक इंच जास्तच ठेवला. दुहेरी शिवण घातली व चामडे ताणून खालच्या पत्र्याला पिना मारल्या. काम मन लावून केले.

बुधवारी अकरा वाजता दोघे गाडी न्यायला आले. ही सीट पुढून खाचेत अडकते व मागून दोन नटांनी आवळली जाते. मी ती खाचेत बसवली. तेवढ्यात भावजयीने बसून पाहिले. ती म्हणाली, "भावोजी, आता मी उतरायचीच नाही." आम्ही तिघे हसलो. तिला डॉक्टरांकडे साडेअकराची वेळ होती. भावाने गाडी सुरू केली. मी हात केला. नट मी लावले नाहीत.

पुलाच्या उतारावर गतिरोधकापाशी भावजय मागे पडली. डोक्याला मार लागला. सीट गाडीपासून वीस पावलांवर सापडली. आपटून निघाली असेल, असे सगळे म्हणाले. शुक्रवारी दुपारी चार वाजता भावजय वारली. गाडी जोरात घेतली, चूक माझी, असा जबाब भावाने दिला आहे. तो गाडी जोरात चालवत नाही.

शनिवारी टेबल आवरताना मला दोन्ही नट पिनांच्या डबीच्या झाकणात दिसले. मी भावाला बोलावून दाखवले. त्याने ते तळहातावर घेतले. मग म्हणाला, "दादा, टाकून दे ते. गाडी मी चालवत होतो. ती तर गेली, आता तुला कशाला घालवू?" मी नट पुन्हा झाकणात ठेवले.

रविवारी दुपारी तो डबा घेऊन आला. भात कच्चा होता. आम्ही दोघांनी तो खाल्ला.

दोन्ही नट मी हजर करत आहे. भावाने अंगावर घेतलेला दोष त्याचा नाही. मी इथे आल्याचे त्याला ठाऊक नाही.

साहेबांनी जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'घाईत नट लावायचे राहून गेले' असे लिहिले होते. ते खोडून 'नट मी लावले नाहीत' असे करून घेतले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही