एका दमाचा रॅप

आमचा जनवाड्याचा संजूअण्णा ठाऊक हाय न्हवं, पगारी कबड्डी खेळायचा? गुडघा गेला, डॉक्टरनं मैदान बंद केलं, अन् त्याला रॅपचं याड लागलं. नौबादला माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आला, डोळे मिटून सुरू झाला. कडव्यामागून कडवं, मधी श्वासच न्हाई!

मी थांबवलं. "अण्णा, दम घे की. कामून मरायलास?"

"चढाईत दम तुटला की आऊट," म्हणला.

पुन्हा सुरू. शेवटच्या ओळीला मिटल्या डोळ्यांनीच मागं मागं सरकला, मधली रेघ शिवावी तशी टाच उंबऱ्याला लावली, मगच श्वास सोडला.

गालात हसत म्हणला, "आलो बघ परत. किती बाद झाले?"

खोलीत मी एकटाच. म्हणलो, "समदे, अण्णा."