कोरी ढाल

(बरसान्यातली लठमार होळी : इथल्या बायका लाठ्या हाणतात, नंदगावचे पुरुष त्या ढालीवर झेलतात. बत्तोवहिनी आणि त्यांची सून मिथलेश दारात; समोर नंदगावचा गिर्राज ढाल घेऊन उभा.)

गिर्राज : नाही वहिनी, आज न्याय झालाच पाहिजे! अख्खी गल्ली तीनदा फिरलो, एका बाईनं लाठी उगारली नाही.

बत्तो : मग देवाचे आभार मान. तुमच्या छिद्दी हलवायाचं टाळकं सुजलंय तिकडे.

गिर्राज : तेच म्हणतो मी! त्याचं सुजलं, माझं का नाही? आणि ह्या तुमच्या सूनबाई! मला म्हणतात, "भाईसाहेब, बाजूला व्हा, फोटो त्या गच्चीवरून छान येतो."

मिथलेश : मग काय म्हणू? काळा गॉगल, पांढरे बूट, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल! आम्ही मारतो ते फक्त नंदगावच्यांना. उपऱ्याला हाणलं तर नसती भानगड व्हायची.

गिर्राज : आणि ही ढाल दिसली नाही?

मिथलेश : ढाल-पगडी हल्ली चौकात भाड्यानं मिळते.

गिर्राज : भाड्यानं? अहो, माझ्या बापाची आहे ही! चाळीस वर्षं मार खाल्लाय हिनं.

बत्तो : खरंय. त्यातला निम्मा माझ्या हातचा. पण गिर्राजलाला, बारा वर्षं तू होतास कुठे?

गिर्राज : सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात. होळीला सुट्टी मिळायची नाही. बाप गेला तेव्हा दोन दिवस आलो, तेवढंच. आता संध्याकाळी सगळे आपापल्या ढालीवरचे वळ दाखवत घरी जाणार. मी असा कोराच परतलो तर वेशीवरच म्हणतील, आले बघा सुरतेचे पाहुणे! फार लागतं हो ते, वहिनी.

बत्तो : बरं, धर बघू ढाल.

गिर्राज : ही धरली.

मिथलेश : अगं बाई, छत्री धरलीय का?

बत्तो : खाली बस आधी. गुडघा टेक. ढाल डोक्यावर घे.

गिर्राज : गुडघा वाजला, वहिनी.

बत्तो : वाजू दे. आणि तोंड का शिवलंय? मुकाट्यानं मार खाणारा नंदगावचा मी तरी पाहिला नाही.

गिर्राज : बरसान्याच्या बायकांच्या हातात जोर असता, तर त्यांचे नवरे एवढे माजले असते का?

बत्तो : आत्ता कसं बोललास! हा घे!

गिर्राज : आई गं!

मिथलेश : सासूबाई, रडतायत ते. खुर्ची आणू का?

बत्तो : खुर्ची पाहुण्याला. ह्याला आणखी एक हाण.