कुडावरची कळलावी

(नगर जिल्ह्यातलं कोल्हार. महायुद्धाची सालं, भाद्रपद महिना. भिमाजीच्या दारच्या कुडावर कळलावी फुललीय. शेजारी राहणारी त्याची चुलत भावजय आक्काबाई गावच्या पाटलांना, काकासाहेबांना, घेऊन आलीय.)

भिमाजी : ...तर मी सांगतो ते तुमाला खरं वाटनार न्हाई, काकासाहेब. पंचक्रोशीत कुनालाच वाटनार न्हाई. मिरगाला बी लावलं आन् आज ही फुलं. तांबडी-पिवळी, जशी चूल पेटलीया.

आक्काबाई : चूल पेटलीच हाय. माजा वेल खनून आनलाय ह्या भाऊजींनी. माज्या कुडाला खड्डा तसाच हाय, चला दाखवते.

भिमाजी : घूस लागली आसंल. तुमच्याकडं घुशी लई.

आक्काबाई : व्हय. दोन पायांच्या.

काकासाहेब : नावच कळलावी. लावली कोणी का असेना, कळ लागली. आक्काबाई, वेल तुमचा कशावरून?

आक्काबाई : म्या बियापासनं वाढवला. राजूरला माजं माहेर. आई गेली, भावानं तिचा कूड मोडून काढला. त्यावरची एक शेंग तेवढी पदराला बांधून आनली. तितनं दुसरं कायबी आनलं न्हाई.

भिमाजी : लोक आईची आठवन म्हनून लुगडं आनत्यात. वहिनीनं भांडन आनलं.

आक्काबाई : लाल बी, गुंजेएवढं. दगडावर घासलं, शेनाच्या पान्यात भिजवलं, तरी लवकर वर येईना. पयल्या साली गवतासारखं एक पान, बस. तवा हे भाऊजी चावडीत बसून सांगायचे, आमची वहिनी गवताला राखन बसलीया. सारं गाव हसायचं.

भिमाजी : गवतच हुतं ते. आजून आसंल.

आक्काबाई : दुसऱ्या साली वेल झाला, पन फूल न्हाई. औंदा फुलनार हुता. मिरगाच्या तोंडाला बघते तर माती उकरलेली. त्या दिशी कुनाला बोलले न्हाई. बोलून काय, खड्डा थोडाच बोलतोय? आज ह्यांच्या दारी फूल दिसलं, म्हनून तुमाला आनलं.

काकासाहेब : भिमाजी, पहिल्याच पावसात बियाला फूल? ऐकलं नव्हतं बुवा.

भिमाजी : दुसऱ्याच्या हाताला न्हाईच येत. मढीच्या जत्रंत एका गोसाव्यानं दिलं बी. म्हनला, हे तुज्याच हातचं हाय. लावलं, तर वर कोंबडी बसली. सकाळी बघतो, कोंबडी छपरावर. वेलानं उचलून न्हेली. आंडंबी तितंच घातलं तिनं.

काकासाहेब : छपरावर?

भिमाजी : गडगडत खाली आलं, म्या झेललं. मग वाकून बघाया गेलो, तर पानाच्या शेंड्यानं माजं पागुटं धरलं. दुपारपातुर सोडंना.

आक्काबाई : गळा धराया पायजे हुता.

भिमाजी : ऐकली जीभ? आसल्या जिभेखाली फूल येतं व्हय? आमच्या सूनबाईला बी हिनंच फूस लावलीया, धा दिस झालं माज्याशी बोलंना.

आक्काबाई : शहानी हाय ती.

काकासाहेब : पुरे. आक्काबाई, तुमच्याकडे खड्डा आहे, याच्याकडे फूल आहे. वेलावर नाव लिहिलेलं नसतं. मी कुणाच्या बाजूनं बोलू? कोंबडी सोडली तर त्याचं खोटं आहे असं कशावरून म्हणू?

भिमाजी : कोंबडीबी खरी हाय.

आक्काबाई : आईचं म्हनून माज्याकडं तेवढंच हुतं. पुन्ना शेंग कुठनं आनू? कूड न्हाई, आई न्हाई.

भिमाजी : आता रडा. भांडून जमंना, तवा रडा.

आक्काबाई : रडत न्हाई. काकासाहेब, यांना येवढंच इचारा, लावलं कसं. कोंबडी बसायच्या आदुगरचं.

काकासाहेब : सांग की, भिमाजी.

भिमाजी : सांगतो. वहिनी, तुमीबी ऐका, पुढल्या साली उपेगी पडंल. कुडाच्या कडंला माती भुसभुशीत केली. वर राख टाकली. खड्डा केला, लई खोल न्हाई. आन् त्यात आलगद आडवं निजवलं. उभं ठिवलं तर कुजतंय. टोक तेवढं जपाया लागतंय, टोक मोडलं का संपलं.

आक्काबाई : आडवं?

भिमाजी : आडवं. तान्हं पोर निजवावं तसं.

काकासाहेब : हं.

आक्काबाई : भाऊजी, बी गुंजेसारखं गोल आसतं. गोलाला आडवं कुठलं आन् उभं कुठलं? आडवा निजवत्यात तो जुन्या वेलाच्या मुळाचा कांदा, नांगराच्या फाळासारखा, टोकाचा. माजी आईबी तसाच निजवायची. निजवला मातर तुमी बराबर.