प्रफुल्लची ओव्हरसीज टीम

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. हा क्लबहाउसचा हॉल आपण वाढदिवसाला बुक करतो, संक्रांतीला करतो. आज प्रफुल्लसाठी करावा लागला. मला बोलायचं नव्हतं, खरंच नव्हतं. त्याची वैशाली म्हणाली, "हेमंत, तुम्हीच बोला. त्याच्याशी सगळ्यात जास्त तुम्हीच भांडलात." म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

नागपूरहून प्रफुल्लचे आईबाबा व्हिडिओवर आहेत. काका, काकू, आवाज येतोय ना? बरं.

काका, तुमचा मुलगा इथे अमेरिकेत, अल्फारेटाला आला तेव्हा त्याला इथल्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जाणं बघून म्हणायचा, "हे काय कुस्ती आहे का बे?" सोमवारी ऑफिसात सगळे गेमबद्दल बोलायचे आणि हा नुसता मान हलवायचा. म्हणून शिकला. आणि शिकला तो असा शिकला, की पुढे रविवार म्हणजे प्रफुल्लचं बेसमेंट. आम्ही चार-पाच जण, मोठा टीव्ही, आणि त्याच्या हातचे तर्री पोहे. तोंड भाजायचं, तरी दुसऱ्यांदा घ्यायचो.

आमचा वाद एकच. अमेरिकन फुटबॉलची एखादी टीम कायमची परदेशात नेली, समजा लंडनला, तर ती टिकेल का? हल्ली दर सीझनला काही गेम तिकडे होतातच. मी म्हणायचो टिकेल. तो म्हणायचा नाही टिकणार. कित्येक रविवार हाच वाद. तुम्ही हसता आहात, पण तुम्हीही कधी ना कधी ऐकलाय.

मी म्हणायचो, "अरे, स्टेडियम खचाखच भरतं. डोळे आहेत ना तुला?" तो म्हणायचा, "त्या पब्लिककडं नीट पाहा ना. एकाच्या अंगावर एका टीमची जर्सी, दुसऱ्याच्या अंगावर भलत्याच टीमची. हे गेमचे लोक आहेत, टीमचे नाहीत. लग्नाला हॉल भरतो म्हणून काय सगळे नवरीच्या घरी राहायला जातात का?"

ट्रकांचे रूट बसवायचं सॉफ्टवेअर लिहायचा तो. सगळ्या जगाकडे तसंच बघायचा. पोह्याची डिश बाजूला ठेवून सुरू करायचा. "समज, मंगळवारी तुझ्या प्लेयरचा गुडघा गेला. इथं असशील तर एक फोन, संध्याकाळी दुसरा प्लेयर हजर. तिकडं काय करशील? त्याचा पासपोर्ट कुठंय? कामाची परवानगी कुठंय? पेपर येईपर्यंत सीझन संपला तुझा." मग म्हणायचा, "आणि करार संपला की प्लेयर काय पाहते माहीत आहे? बायकोची आई कुठं राहते ते पाहते." यावर वरून वैशालीचा आवाज यायचा, "माझी आई अमरावतीला राहते, तू तिकडे कधी करार केलास?"

एका रविवारी मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "प्रफुल्ल, आपण आलोच ना इकडे? घर घेतलं, पोरं झाली, गणपती बसवतो. आपली टीम चाललीच ना ओव्हरसीज?" मला वाटलं, आता बोलती बंद.

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाला, "आपली टीम कुठं चालली, हेमंतभाऊ? एका प्लेयरच्या करारावर उभी आहे ती."

मी म्हटलं, "गप बस, तर्री वाढ." असलं बोलायची सवयच होती त्याला. आपण सगळेच त्या ग्रीन कार्डच्या रांगेत. आपण सगळेच म्हणतो, "कार्ड आलं की." कार्ड आलं की नोकरी बदलू, कार्ड आलं की आईबाबांकडे निवांत जाऊन राहू. प्रफुल्लही तेच म्हणायचा. रांग काही सरकली नाही.

आणि मग दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. ऑफिसात मीटिंग चालू होती. पाणी मागितलं त्याने. पाणी येईपर्यंत संपलं होतं सगळं. काका, काकू, मी यापुढे त्यातलं काही सांगत नाही. तुम्हाला ते परत ऐकवत नाही.

मंडळी, त्या संध्याकाळी आपण काय केलं? आपल्याला जे येतं ते केलं. कुणी डबे वाटून घेतले, कुणी त्याच्या लेकीला, ईराला, आपल्या घरी नेलं, कुणी फ्युनरल होमला फोन लावले. आणि आपण वैशालीची आणि ईराची नागपूरची तिकिटं काढली. अस्थी घरी जायला हव्यात, आईबाबांनी मुलाला तेवढं तरी बघायला हवं. आणि तिकिटं काढली ती जाऊन-येऊन. परत येता येईल का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. सगळे व्हिसावर जगणारे लोक आपण, झोपेत विचारलं तरी नियम सांगू. पण घरात माणूस गेल्यावर आपण नियमाची माणसं राहिलोच नाही. गावाकडच्यासारखे वागलो.

मग वकीलबाईंचा फोन आला. वैशालीने स्पीकरवर लावला म्हणून मीही ऐकला. वैशालीचा व्हिसा प्रफुल्लच्या नोकरीवर होता. तो गेला, आता तिला इथे थोडीच मुदत आहे. थांबून अर्ज करत बसली तर कदाचित काही वाट निघेल, कदाचित निघणार नाही. पण आता नागपूरला गेली तर त्याच व्हिसावर परत येता येणार नाही. बाई चांगल्या होत्या हो. हळू आवाजात सांगितलं त्यांनी. हळू सांगितलं म्हणून काय फरक पडतो?

म्हणजे बघा. इथे थांबायचं, तर सासूसासऱ्यांना मुलाच्या अस्थी स्वतःच्या हाताने द्यायच्या नाहीत. जायचं, तर हे घर, ही शाळा, हे सगळं सोडून जायचं. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि त्या पोरीला हे ठरवायचं होतं. काकू व्हिडिओवर म्हणाल्या, "तू नको येऊ बेटा, कुणासोबत पाठव." आणि बोलता बोलता रडायला लागल्या. वैशाली म्हणाली, "नाही आई. मीच घेऊन येते त्याला." बस. ठरलं.

मला कुणीकुणी येऊन सांगतं, देवाची मर्जी. मला नका सांगू. कसली मर्जी? मला राग येतो. कुणावर काढू तेही कळत नाही.

आता ईराचं सांगतो आणि बसतो. ईरा तेरा वर्षांची आहे. जन्म इथला, पासपोर्ट इथला. तिला कुणी जा म्हणत नाही. पण आई चालली, तर ही राहणार कुठे? शाळेच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये ती क्वार्टरबॅक आहे, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारी. प्रफुल्ल घरासमोर तिच्याबरोबर प्रॅक्टिस करायचा. त्याला स्वतःला बॉल धड फेकता यायचा नाही, पण कोचिंग मात्र गल्लीभर ऐकू जायचं.

परवा मी त्यांच्याकडे खोकी बांधायला गेलो होतो. ईरा बेसमेंटमध्ये एकटीच बसली होती. टीव्ही भिंतीवरून काढला होता. मी म्हटलं, "बाळा, काळजी करू नकोस. आजीआजोबा आहेत तिकडे. आपल्या घरीच चाललीस."

ती म्हणाली, "हेमंतकाका, इट्स होम फॉर यू." मग म्हणाली, "बाबा ऑलवेज सेड अ टीम कान्ट मेक इट ओव्हरसीज. नाउ वी आर गोइंग ओव्हरसीज. जस्ट मॉम अँड मी. वॉज ही राइट?"

मंडळी, इतके रविवार मी त्या माणसाशी भांडलो. टिकेल, टिकेल, म्हणून घसा कोरडा केला. एकदा, फक्त त्या एका वेळी ते म्हणायला हवं होतं. मी खाली बसून खोक्याला टेप लावत राहिलो. ती माझ्याकडे बघत होती.

मंगळवारी त्यांचं विमान आहे.

आपण सगळे उभे राहूया. काका, काकू, तुम्ही बसूनच राहा. प्रफुल्लसाठी दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आणि ही शांतता संपल्यावर तुमच्यापैकी कुणाकडे ईराला द्यायला उत्तर असेल, तर ती पहिल्या रांगेत आईजवळ बसली आहे, तिला जाऊन सांगा. माझ्याकडे नाही.