यादीतलं पहिलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ आधारस्तंभ माननीय भगवंतराव शिंदे, व्यासपीठावर बसलेल्या उपाध्यक्षा अंजलीताई अभ्यंकर, आजचे सत्कारमूर्ती श्रीकांतराव वैशंपायन, त्यांच्या पत्नी वीणाताई, आणि कामाच्या दिवशी मल्लेश्वरमपर्यंत येण्याची तसदी घेतलेल्या बंधू-भगिनींनो,

चिटणीस म्हणून हे माझं अकरावं वर्ष. या माइकसमोर किती निरोप दिले ते आता आठवतही नाही. खरं सांगायचं तर थकलोय मी. गुडघे दुखतात म्हणून नव्हे, ते तर दुखतातच. आज जे बोलायचंय ते गेले दोन महिने मनात धरून धरून थकलोय.

श्रीकांतराव तेहतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मागच्या महिन्यात निवृत्त झाले आणि परवा पुण्याला कायमचे चालले आहेत. त्यांच्या नोकरीबद्दल त्यांचे साहेब बोलतील. मी बोलणार आहे त्यांनी आपल्याला करून दिलेल्या वेबसाइटबद्दल. नाव काढल्यावर काही चेहरे कसनुसे झाले, ते मला इथून दिसतं बरं का.

आपली सभासद-पुस्तिका दोनदा छापखान्याच्या दारातून परत आली, हे नव्या मंडळींना माहीत नसेल. कारण काय? नावांचा क्रम! अध्यक्षमहाराजांचं म्हणणं असं की, ज्यांची मराठी घराणी साडेतीनशे वर्षं या कानडी मातीत आहेत त्यांचा मान पहिला. अंजलीताईंचं म्हणणं, अकारविल्हे लावा, म्हणजे वादच नको. आता अभ्यंकरांनी अकारविल्हे म्हणावं यात नवल ते काय? संस्थापकांच्या मुलांचं तिसरंच. चार बैठका झाल्या, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या, पुस्तिका काही निघाली नाही.

मग गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, श्रीकांतराव म्हणाले, आपण यादी इंटरनेटवर घालू, मी बनवतो. त्यांनी ती लिस्प नावाच्या भाषेत बनवली. मला संगणकातलं शष्प कळत नाही. मी डोकावून पाहिलं तर पडदाभर नुसते कंस. म्हटलं, अहो, सगळं गाव करतं तसं साध्या भाषेत करा ना, उद्या तुम्ही नसलात तर हे बघणार कोण? त्यावर ते जे बोलले ते माझ्या लक्षात राहिलं.

‘‘दामोदरपंत, आपलं भांडणच याद्यांचं आणि ही भाषाही याद्यांचीच. इथं मूळ यादीला हात लावायचा नाही. तिच्यावरून हवी तशी नवी यादी करून घ्यायची. मूळ आहे तशीच राहते.’’

बरं, पण क्रमाचं काय? तो प्रश्न घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. हे नीट ऐका. मीच गेलो आणि हात जोडून म्हणालो, काहीही करा, पण मला पाचव्या बैठकीतून सोडवा. वीणाताईंनी पोहे केले होते. ते खाता खाता श्रीकांतराव हसले आणि म्हणाले, सोपं आहे.

आठवडाभराने साइट सुरू झाली. उघडली की ती आधी विचारायची, आपलं नाव? नाव लिहिलं की यादी यायची, आणि लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यात वर! भगवंतरावांनी उघडली तर शिंदे पहिले, अंजलीताईंनी उघडली तर अभ्यंकर पहिल्या. भगवंतराव ती पाहून कानडीत एवढंच म्हणाले होते, ‘सरी’, म्हणजे ठीक आहे. वर्षभर मंडळात अशी शांतता नांदली की मला रात्री झोप लागायला लागली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. या वर्षीच्या वार्षिक सभेला अध्यक्ष आपली यादी छापून घेऊन आले आणि अंजलीताई आपली. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पडले. मग काय विचारता! फसवणूक झाली, खेळ मांडलाय, आमचा मान म्हणजे काय चेष्टा वाटली, सगळं बोलून झालं. साइट एक तारखेपासून बंद करायची आणि एका कंपनीकडून ठरीव क्रमाची नवी करून घ्यायची, असा ठराव झाला.

श्रीकांतराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.’’ आणि खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी उठलो असतो. मी मान खाली घालून ठराव लिहीत होतो. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

गेल्या आठवड्यात या समारंभाची निमंत्रणं लिहायला म्हणून मी तीच साइट उघडली. माझं नाव घातलं, मी पहिला आलो. मग सहज वाटलं, श्रीकांतरावांची यादी कशी दिसते ते पाहू. त्यांचं नाव घातलं, तर पडद्यावर आलं, हे नाव यादीत नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तीनदा लिहिलं. नाहीच.

वीणाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मीही विचारलं होतं त्यांना, तर म्हणाले, वाढणाऱ्यानं पहिल्या पंगतीला बसायचं नसतं, शेवटच्या पंगतीला बसू. बंधू-भगिनींनो, आपण ती शेवटची पंगत बसूच दिली नाही. एकशे बेचाळीस घरांना पहिलं पान वाढून हा माणूस उपाशी उठला, आणि वर आपण त्यालाच बोललो.

मग मी, ज्याला संगणकातलं शष्प कळत नाही त्या माणसानं, तीन दिवस खपून त्या मूळ यादीत एक ओळ घातली. एक कंस राहिला तर सगळी साइटच बसली. शेवटी लागला तो कंस. हा कागद मी काल छापला. ही श्रीकांतरावांची यादी. पहिलं नाव श्रीकांत वैशंपायन, खाली आपण सगळे. शाल-श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते होईलच, हा कागद मी देतो. एक तारखेला साइट बंद होईल. ठराव फिरवा असं म्हणायचा जोर माझ्यात उरलेला नाही, आणि ते म्हणायचं तोंडही मला नाही. अजून अकरा दिवस ते यादीत आहेत.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्यांचे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात कुणाचा मान पुढेमागे झाला असेल तर पोटात घाला. पण श्रीकांतराव, माझी मोठी चूक आज बोलताना झालेली नाही. ती त्या सभेत गप्प बसताना झाली. तेवढी एक तुम्ही माफ करा.