रॅम्पखालची विहीर

चहा मिळेल, सही नाही — आणि ते हसू आवरा हो, सोसायटीच्या सेक्रेटरीनं पढवून पाठवलंय ना, म्हातारी जादा बाल्कनीसाठी पुनर्विकास अडवून बसलीय म्हणून? बाल्कनी घाला चुलीत. तुम्ही आर्किटेक्ट ना, मग आमची विहीर दाखवा ह्या नकाशात — हा? हा तर रॅम्प! खाली दोन मजले गाड्या — म्हणजे बुजवलीतच की. अहो, मे महिन्यात पाइपलाइन फुटली तेव्हा अख्खी आंबिवली टँकरमागे धावत होती, आणि आमची गल्ली इथं खाली विहिरीवर, बादल्या घेऊन रांगेत — तुमच्या बिल्डरची बायकोसुद्धा! तिची कळशी मी उचलून दिली, मी.

आणि हे एवढंसं गोल काय काढलंय? पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा? ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट ओतणार, आणि मुरवायला ही परात! परवानगीपुरती काढलीय, मला कळत नाही होय? तळघर खणलंत की पाणी लागणारच — मग पंप लावून ते गटारात सोडणार, आणि वर राहणाऱ्यांना टँकर विकत. ह्याला डिझाइन म्हणायचं? गाड्या एका बाजूला घ्या, अंगण मातीचं ठेवा, गच्चीचं पाणी विहिरीत सोडा. बिल्डरचे चार फ्लॅट कमी होतील — होऊ देत!

मुलगा? त्याला मध्ये आणू नका. बोलत नाही प्रणित माझ्याशी — झालं समाधान? दोन खोल्यांत मावेनात म्हणून कळव्याला भाड्यानं गेले, अक्षदाला घेऊन. नात माझी. ‘आई, सही कर, मोठ्या घरात सगळे परत एकत्र राहू’ — हे त्याचं शेवटचं बोलणं. मी काय दगड आहे? पोरीचा आवाज नाही घरात, जेवण जात नाही मला… ही का नव्या घरातली ती तिसरी खोली? पूर्वेला खिडकी? म्हणजे तिचं टेबल इथं, माझी खाट अशी — मावेल की. छान काढलीत हो. फार छान… आणि खिडकीतून खाली बघितलं की काय दिसणार? बोला ना — रॅम्प?

पेन नका काढू. ठेवा ते खिशात! नळ कोरडे पडले की पोरीला काय देऊ प्यायला, तुमचा रॅम्प? गुंडाळा हा कागद. ही खोली अश्शीच ठेवा आणि खाली विहीर काढून आणा, त्याच दिवशी सही करीन. तोवर खुशाल सांगा सगळ्यांना, म्हातारी अडून बसलीय. प्रणितलाही सांगा.

चहा राहिला? राहू दे. निघा आता — आणि दार ओढून घ्या.